घटसर्पाच्या जिवाणूवर ईझी-टीएन५ ट्रान्सपोझोम किट: वापरून झाल्यावर

पाश्चुरेला मल्टोसिडावर, म्हणजे घटसर्पाच्या जिवाणूवर, काम करणाऱ्या आणि हाताशी मोजकंच अनुदान असलेल्या कुणालाही मी ईझी-टीएन५ कॅन-२ ट्रान्सपोझोम किट, म्हणजे जिवाणूची जनुकं कुठेही मोडून पाहण्याचं साधन, घ्यायला सांगेन. मात्र ऑर्डर टाकण्याआधी आपल्या स्ट्रेनमध्ये (जिवाणूच्या वाणात) विजेच्या झटक्याने डीएनए शिरतो की नाही, हे एखाद्या साध्या प्लास्मिडवर (डीएनएच्या लहान गोल तुकड्यावर) तपासून घ्या. ते जमत नसेल तर एवढं महागाचं किट फ्रीझरमध्ये पडून राहील. बाकीचं तपशिलात लिहिते. आम्ही हे घ्यायचं ठरवलं तेव्हा कंपनीचं माहितीपत्रक आणि शोधनिबंधांतली ‘साहित्य व पद्धती’ची चार वाक्यं यापलीकडे काही हाताला लागलं नव्हतं. जनावरांच्या आजारावर काम करणाऱ्या माणसाला कुठे काय अडतं, हे त्यात नसतं.

मी पशुवैद्यक आहे. पदवीनंतर काही काळ सोलापूर भागात फिरतीची प्रॅक्टिस केली आणि आता सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय घटसर्प. ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांना हा आजार समजावून सांगावा लागत नाही. पहिले पाऊस पडतात, हवा दमट होते, आणि फोन सुरू होतात: डॉक्टर, सकाळी चाऱ्याला तोंड लावलं नाही, अंग तापलंय, गळ्याखाली सूज आलीय. आपण पोचेपर्यंत घशात घरघर लागलेली असते. अगदी सुरुवातीला औषध मिळालं तर जनावर वाचतं, उशीर झाला तर दिवसभरात खेळ संपतो. गाईपेक्षा म्हैस लवकर बळी पडते, आणि त्यातही सहा महिने ते दोन वर्षांची वासरं, रेडकं जास्त. ज्या घराचा महिना दुधाच्या पगारावर चालतो तिथे एका पंढरपुरी म्हशीचं जाणं म्हणजे काय, हे मी ओसरीवर बसून पाहिलेलं आहे.

लस आहे. आपल्याकडे पी५२ या स्ट्रेनपासून केलेली मृत जिवाणूंची लस दर वर्षी पावसाळ्याआधी टोचतात. ती उपयोगी आहे, टोचून घ्याच. पण तुरटीवर अवक्षेपित केलेल्या लसीचं संरक्षण काही महिन्यांचंच असतं, आणि तेलातली लस जास्त काळ टिकत असली तरी ती दाट असते, टोचायला त्रासाची. हरणापासून मिळालेल्या, घटसर्पाच्या बी:२ प्रकाराच्या जवळच्याच बी:३,४ प्रकाराच्या जिवंत जिवाणूंची लस म्यानमारमध्ये नाकात फवारून म्हशींना दीर्घ संरक्षण देता येतं, हे दिसलेलं आहे. म्हणजे क्षीण केलेल्या जिवंत लसीचा रस्ता बंद नाही. पण जिवाणू नेमका कुठे क्षीण करायचा? आशियात म्हशी मारणारा बी:२ प्रकार रक्तात शिरल्यावर इतक्या वेगाने कसा वाढतो, त्यासाठी त्याला कुठली जनुकं लागतात, हे आधी कळायला हवं. हे किट आम्ही घेतलं ते त्यासाठी.

पद्धत ऐकायला सोपी आहे. जिवाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएत, कुठेतरी, कुठलीही जागा आधी न ठरवता, डीएनएचा एक तुकडा घुसवायचा. तो ज्या जनुकात बसेल ते जनुक मोडतं. असे हजारो जिवाणू (म्युटंट) तयार करायचे, प्रत्येकात मोडलेली जागा वेगळी, आणि मग कुठला जिवाणू काय करू शकत नाही ते बघायचं. जुन्या वाड्याच्या फळीवरचा एकेक फ्यूज काढून कुठल्या खोलीत अंधार होतो हे पाहावं, तसं. यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की आपल्याला आधीपासून काही अंदाज असावा लागत नाही. संशयित जनुकांची यादी करून ती मोडत बसलं तर यादीबाहेरचं काही कधी हाती लागत नाही. इथे जिवाणूच सांगतो की त्याला काय लागतं.

किटमधला तुकडा टीएन५ या ट्रान्सपोझॉनवरून घेतलेला आहे. निसर्गात तो कॅनामायसिनला दाद न देण्याचा गुण घेऊन एका डीएनएवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. १९७५ मध्ये तो तसाच ओळखला गेला. पण निसर्गातला टीएन५ फार क्वचित उडी मारतो, आणि तसं नसतं तर त्याने स्वतःच्या यजमान जिवाणूचाच चुरा केला असता. विस्कॉन्सिन विद्यापीठात विल्यम रेझ्निकॉफ यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या ट्रान्सपोझेझ या विकरात तीन ठिकाणी अमिनो आम्लं बदलली, तुकड्याच्या टोकांचा डीएनएच्या १९ अक्षरांचा क्रम जुळवून घेतला आणि प्रचंड सक्रिय विकर मिळवलं. मग २००० साली त्यांच्या गटाने दाखवलं की हे विकर आणि डीएनएचा तुकडा परीक्षानळीत एकत्र बांधून ठेवता येतात. मॅग्नेशियम नसेल तर ते नुसतेच एकमेकांना धरून बसतात, कापाकापी करत नाहीत. विजेच्या झटक्याने ही जोडगोळी जिवाणूत शिरली की पेशीतलं मॅग्नेशियम मिळतं आणि तुकडा जीनोममध्ये जाऊन बसतो. हाच ट्रान्सपोझोम. मॅडिसनच्या एपिसेंटर कंपनीने तो बाजारात आणला. २०११ मध्ये इल्युमिनाने एपिसेंटर घेतली, पुढे ही उत्पादनं ल्युसिजेनकडे आणि तिथून एलजीसी बायोसर्चकडे आली, त्यामुळे जुन्या निबंधांत नाव एक आणि कॅटलॉगमध्ये दुसरं दिसलं तर गोंधळू नका. जाता जाता सांगते, डीएनए सिक्वेन्सिंगसाठी नमुना तयार करायची नेक्स्टेरा पद्धत याच विकरावर उभी आहे. म्हणजे आपण ज्याने जनुक मोडतो, त्याच्याच भावंडाने पुढे जीनोम वाचतो.

खोका उघडला की हातात फार काही येत नाही. दहा मायक्रोलिटर ट्रान्सपोझोमची एक इवलीशी नळी, म्हणजे प्रत्येकी एक मायक्रोलिटरचे दहा प्रयोग, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांवरून बाहेरच्या दिशेने वाचणारे दोन प्रायमर (डीएनए वाचायची सुरुवात करून देणारे लहान तुकडे). द्रावण निम्मं ग्लिसरॉल असतं, त्यामुळे उणे वीस अंशांवरही ते गोठत नाही आणि काढताना वितळायची वाट बघावी लागत नाही. ही सोय चांगली आहे. पण ग्लिसरॉल पिपेटच्या टोकाला चिकटतं आणि एक मायक्रोलिटर म्हणता म्हणता दीड जातो. नळी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, टोक द्रवाच्या पृष्ठभागाला नुसतं टेकवा, हळू ओढा.

मागवण्याचा भाग मात्र मनस्ताप देणारा होता. किटचा यात दोष नाही. आमच्या वितरकाने परदेशातून माल यायला लागणारा वेळ कमी करून सांगितला, आणि खोका आला तेव्हा आतले बर्फाचे पॅक मऊ पडलेले होते. विभागप्रमुखांनी तिथल्या तिथे फोटो काढून पावतीवर तशी नोंद करायला लावली म्हणून पुढचं बोलणं तरी करता आलं. तुम्हीही खोका सही करण्याआधी उघडा. सरकारी महाविद्यालयात खरेदी असेल तर एकाच कंपनीचं उत्पादन का हवं याचं प्रमाणपत्र, तांत्रिक समितीची सही, हे सगळं आधी तयार ठेवा. पावसाळ्यात नमुने मिळतात आणि मार्चअखेर पैसे संपवायचे असतात, या दोन वेळापत्रकांचा मेळ कधीच बसत नाही.

आता वापर. किटच्या यशापयशाचा नव्वद टक्के भाग खोक्याबाहेर, तुमच्या पेशींमध्ये आहे. जिवाणू बीएचआय या वाढीच्या पोषक माध्यमात वाढीच्या ऐन भरात असताना काढायचे, बर्फावर थंड करायचे आणि दहा टक्के ग्लिसरॉलने पुन्हा पुन्हा धुवायचे. माध्यमातलं मीठ थोडंही राहिलं तर इलेक्ट्रोपोरेटरमध्ये (झटका देणाऱ्या यंत्रात) फटकन ठिणगी पडते आणि क्युव्हेट (पेशी ठेवायची छोटी कुपी), पेशी आणि तो मोलाचा मायक्रोलिटर तिन्ही जातात. म्हणून प्रत्येक खेपेला आधी ट्रान्सपोझोम न घालता नुसत्या पेशींना झटका देऊन पाहा. ठिणगी पडली नाही तरच पुढे जा.

घटसर्पवाल्यांची वेगळी अडचण कॅप्सूलची आहे. या जिवाणूभोवती साखरेच्या साखळ्यांचं जाड आवरण असतं आणि डीएनएला आत शिरायला ते आडवं येतं. कोंबड्यांमध्ये कॉलरा करणाऱ्या ए प्रकाराचं आवरण हायलुरॉनिक आम्लाचं असतं, त्यामुळे पेशींना हायलुरोनिडेझ विकर लावलं की ते उतरतं आणि काम सोपं होतं. बी प्रकाराचं आवरण वेगळ्या साखरांचं आहे. तिथे हायलुरोनिडेझ चालत नाही, हे लक्षात ठेवा. विकरावर पैसे घालू नका. आम्हाला जास्त वेळा धुणं आणि थोड्या लवकरच्या टप्प्यावर पेशी काढणं, याचाच उपयोग झाला.

झटका दिल्यावर लगेच गरम माध्यम घालून पेशींना सावरायला वेळ द्यायचा आणि मग कॅनामायसिनच्या प्लेटवर पसरायचं. हा सावरायचा वेळ तासाभराच्या फार पुढे नेऊ नका. पेशी दुभंगायला लागल्या की एकाच म्युटंटची पिल्लं वेगवेगळ्या कॉलनी म्हणून उगवतात आणि आपल्याला वाटतं की संग्रह वाढला.

आमच्या म्हशीपासून मिळालेल्या स्ट्रेनमध्ये एका मायक्रोलिटरमागे कॉलनी शेकड्यांत मिळाल्या. ई. कोलाय किंवा साल्मोनेलावर काम करणाऱ्यांना हा आकडा फारच तोकडा वाटेल. पण पाश्चुरेलासाठी मी समाधानी आहे. सुरुवात कुठून करावी लागली असती ते बघा. दुसरा रस्ता म्हणजे मिनी-टीएन५ (टीएन५ चं लहान रूप) आत्मघातकी, म्हणजे पाश्चुरेलात टिकू न शकणाऱ्या, प्लास्मिडवर घालायचा, ते प्लास्मिड विशिष्ट ई. कोलायमध्ये वाढवायचं, त्या ई. कोलायचा पाश्चुरेलाशी संयोग घडवायचा, नंतर ई. कोलाय मारण्यासाठी पाश्चुरेलाला आधीच दुसऱ्या प्रतिजैविकाला सरावलेलं असायला हवं, आणि शेवटी प्लास्मिड अख्खंच्या अख्खं जीनोममध्ये बसलेलं नाही हे तपासायचं. यात महिने जातात. किटमध्ये हे काहीच नाही. शिवाय तुकड्याबरोबर ट्रान्सपोझेझचं जनुक जात नाही, फक्त तयार विकर जातं आणि ते थोड्याच वेळात संपतं. म्हणून एकदा बसलेला तुकडा पुन्हा उडी मारत नाही. म्हशीच्या रक्तरसात वाढवा किंवा उंदरात, म्युटंट तोच राहतो. माझ्या दृष्टीने किटचा सगळ्यात मोठा गुण हाच.

आता हिशेब, कारण दहा प्रयोगांचं किट घेताना तो कुणी आधी करत नाही. पाश्चुरेला मल्टोसिडाच्या पीएम७० या पक्ष्यापासून मिळालेल्या स्ट्रेनचा जीनोम २००१ मध्ये पूर्ण वाचला गेला: २२,५७,४८७ अक्षरं, २,०१४ जनुकं. सोयीसाठी दोन हजार धरू. एक हजार म्युटंट केले तर एखादं ठरावीक जनुक त्यात मोडलेलं असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जरा खालीच राहते. पाच हजार केले तर ती ९२ टक्क्यांपर्यंत जाते, आणि ९९ टक्के हवी असेल तर नऊ हजारांच्या वर म्युटंट लागतात. लहान जनुकांना त्याहून जास्त. आमच्या वेगाने एका किटमधून दोन ते अडीच हजार मिळतात. याचा अर्थ तिसरा हिस्सा जनुकं आपल्या संग्रहात नाहीतच. त्यामुळे एखादं जनुक सापडलं नाही म्हणजे ते महत्त्वाचं नाही, असं या संग्रहावरून कधीही म्हणू नका. आणि ज्यांच्यावाचून जिवाणू जगूच शकत नाही ती जनुकं कितीही म्युटंट केले तरी दिसणार नाहीत. ती मोडलेला जिवाणू प्लेटवर उगवतच नाही.

याच तंत्राचं मोठं रूप पाहायचं असेल तर २००९ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये टायफॉइडच्या जिवाणूवर झालेलं काम बघा. त्यांनी अकरा लाख म्युटंटांचा साठा केला, त्यात ३,७०,००० वेगवेगळ्या जागी तुकडा बसलेला होता, म्हणजे सरासरी दर तेरा अक्षरांमागे एक. जगण्याला अत्यावश्यक अशी ३५६ जनुकं त्यातून पुढे आली. प्रत्येक म्युटंट वेगळा न वाढवता सगळे एकत्र वाढवायचे आणि आधी कोण होतं, नंतर कोण गळालं, हे सिक्वेन्सरने मोजायचं, ही त्यातली युक्ती. २०१३ मध्ये हीच पद्धत साल्मोनेला टायफिम्युरियमवर थेट कोंबड्या, डुकरं आणि वासरांमध्ये वापरली गेली. ७,७०२ म्युटंटांची प्रत्येक प्राण्यातली गत एकाच वेळी मोजली आणि २,७१५ जनुकांचं काम त्यावरून नोंदवता आलं. मी हा निबंध पुन्हा पुन्हा वाचते, कारण तोवर साल्मोनेलाची बहुतेक जनुकं उंदरात तपासली गेली होती. उंदीर स्वस्त आहे, पण आजार वासराला होतो, आणि वासराच्या आतड्यात लागणारं जनुक कोंबडीच्या आतड्यात लागेलच असं नाही. हे त्यांनी खऱ्या जनावरात जाऊन तपासलं. आमच्या आवाक्यात एवढं नाही. पण दिशा तीच आहे.

घटसर्पाच्या जिवाणूचा एक फायदा म्हणजे पहिली चाळणी डोळ्यांनी लावता येते. प्लेट तिरप्या प्रकाशात धरली की कॅप्सूल असलेल्या कॉलनीवर मोत्यासारखी रंगीत झाक दिसते. कॅप्सूल गेलेली कॉलनी निळसर, सपाट दिसते. उपकरण लागत नाही, फक्त सकाळचा वेळ आणि चांगला दिवा लागतो. कॅप्सूल किती महत्त्वाची आहे हे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात २००० साली बी:२ च्याच एम१४०४ स्ट्रेनवर सिद्ध झालं आहे. कॅप्सूल बाहेर नेणारं एक जनुक मोडलं, तर उंदराच्या रक्तातून, प्लीहेतून, यकृतातून जिवाणू साफ झाले. मूळ स्ट्रेन मात्र वेगाने वाढत गेला. त्याच कामातली दुसरी नोंद मला जास्त विचारात पाडते. कॅप्सूल नसलेला जिवाणूसुद्धा गाईगुरांच्या रक्तरसातल्या कॉम्प्लिमेंटला (जिवाणू मारणाऱ्या प्रथिनांना) पुरून उरत होता. म्हणजे रक्तरसात टिकण्याचं कारण कॅप्सूलखेरीज दुसरंच काहीतरी आहे. कुठल्या यादीत ते शोधणार? यादृच्छिक म्युटंटांचा संग्रह अशा प्रश्नासाठीच असतो. आम्ही ९६ खाचांच्या प्लेटमध्ये म्हशीचा रक्तरस घालून आमचे म्युटंट त्यात टाकतो आहोत, आणि काही जण तिथे गळून पडताना दिसताहेत.

पण तिरप्या प्रकाशातल्या त्या निळ्या कॉलनीवर लगेच विश्वास ठेवू नका. पाश्चुरेला प्रयोगशाळेत वरचेवर वाढवला की आपोआपही कॅप्सूल टाकतो. मोनॅशच्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं की अशा आपोआप कॅप्सूल गमावलेल्या स्ट्रेनमध्ये फिस नावाच्या नियामक जनुकात एका अक्षराचा बदल झालेला होता. म्हणजे तुमच्या म्युटंटमध्ये किटचा तुकडा एका ठिकाणी बसलेला असेल आणि कॅप्सूल गेली असेल भलत्याच कारणाने. माहितीपत्रकात हे नसणार, कारण ते सगळ्या जिवाणूंसाठी लिहिलेलं असतं. उपाय मेहनतीचा आहे: मोडलेलं जनुक प्लास्मिडवर धड स्वरूपात परत द्या आणि मोत्याची झाक परत येते का ते बघा. आली तर खरं. त्याचबरोबर हेही बघा की जनुक एका ओळीत लागोपाठ वाचल्या जाणाऱ्या गटातलं आहे का. तसं असेल तर तुकडा बसल्याने पुढची जनुकंही गप्प होतात आणि आपण भलत्याला जबाबदार धरतो.

तुकडा कुठे बसला हे शोधण्यासाठी किटमधले प्रायमर उत्तम आहेत. आम्ही यादृच्छिक प्रायमर वापरून पीसीआर केला आणि मिळालेला पट्टा सिक्वेन्सिंगला दिला. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तोच नऊ अक्षरांचा क्रम आला की निःशंक व्हायचं, कारण टीएन५ बसताना जीनोममधली नऊ अक्षरं दोन्हीकडे दुहेरी होतात. सगळ्याच म्युटंटांमध्ये पहिल्या फटक्यात हे जमत नाही, चिकाटी लागते. तुकडा एकाच जागी बसलाय ना, हेही निदान निवडलेल्या म्युटंटांमध्ये तपासा.

कुठल्या जिवाणूसाठी हे किट घेऊ नये, तेही सांगते. कासदाह करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस युबेरिससाठी घेऊ नका. तिथे आयएसएस१ हा तुकडा वाहणारं, तापमान वाढवलं की गळून जाणारं प्लास्मिड वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ग्राम-पॉझिटिव्ह पेशींमध्ये तेच बरं. ब्रुसेलासाठी मिनी-टीएन५ चा संयोगाचा मार्ग रुळलेला आहे. ब्रुसेला सुइसमधलं विर-बी हे जनुकांचं महत्त्वाचं कूळ १९९९ मध्ये त्यातूनच सापडलं. आणि ब्रुसेला माणसाला होतो, त्याला तिसऱ्या पातळीची सुरक्षित प्रयोगशाळा लागते, हे विसरून चालणार नाही. ज्यांना जीनोमभर दाट संग्रह हवाय त्यांनी हिमार१ या दुसऱ्या ट्रान्सपोझॉनचा विचार करावा. तो गुरांचं रक्त पिणाऱ्या हॉर्न फ्लाय माशीच्या जीनोममधून मिळालेला आहे आणि टी-ए या दोन अक्षरांच्या जोडीवर बसतो. पाश्चुरेलाच्या जीनोममध्ये ए-टी चं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने त्याला जागांचा तोटा नाही.

पैशांबद्दल. आमचं बिल पाच आकडी झालं आणि दहा प्रयोगांसाठी ते जड आहे. एक किट संपल्यावर दुसरं घेण्याआधी विचार करा. तुमच्या विभागात प्रथिनं शुद्ध करणारं कुणी असेल तर टीएन५ ट्रान्सपोझेझ घरीच करता येतं. त्याची कृती २०१४ मध्ये सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाली आहे आणि त्यासाठीचं प्लास्मिड अ‍ॅडजीन या प्लास्मिड पुरवणाऱ्या संस्थेकडे मिळतं. तुकडा पीसीआरने करायचा, टोकांना १९ अक्षरी क्रम जोडायचा, बाहेरच विकराशी बांधायचा. घडी बसायला वेळ लागतो, पण बसली की खर्चाचं गणितच बदलतं. आमच्या शेजारच्या विभागातल्या एका विद्यार्थ्याने ते मनावर घेतलंय. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने मात्र विकतचंच किट घ्यावं. म्युटंट आले नाहीत तर चूक पेशींत आहे की विकरात, हे घरच्या मालावर कळत नाही.

परवानग्या आधी घ्या. म्युटंट करणं हे पुनर्संयोजित डीएनएचं काम आहे, म्हणून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची नियमावली वाचून अर्ज लिहा. उंदरांवर जायचं असेल तर प्राणी नैतिकता समिती वेगळी. बी:२ चे फार थोडे जिवाणू उंदराला पुरतात, तेव्हा अर्जात प्राण्यांची संख्या कमी कशी ठेवणार आणि त्रास कुठे थांबवणार हे मनापासून लिहा, नुसतं भरण्यापुरतं नको. समितीने मला विचारलेला सगळ्यात योग्य प्रश्न हा होता की तुम्ही रोगजंतूला एका प्रतिजैविकाला न जुमानण्याची ताकद देताय, ते औषध गोठ्यात वापरतात का? घटसर्पावर आपण बहुतेक ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, सल्फा ही औषधं देतो, म्हणून कॅनामायसिनचा तुकडा निवडता आला. तुमच्या जिवाणूसाठी हा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल. किट टेट्रासायक्लिन किंवा दुसऱ्या खुणेचंही मिळालं तरी उपचाराचंच औषध खूण म्हणून वापरू नका.

संग्रह झाला की त्याच दिवशी गोठवा. प्रत्येक कॉलनी खाचेत, ग्लिसरॉल घालून, दोन प्रती, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या इमारतींत. उन्हाळ्यात लाइट जाते आणि जनरेटर दर वेळी चालू होतोच असं नाही. रोजच्या कामाला तिसरी प्रत काढा, म्हणजे मूळ प्लेट पुन्हा पुन्हा वितळणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे हा जिवाणू वाढवत राहिलं की कॅप्सूल टाकतो, तेव्हा जितक्या कमी पिढ्या तितकं बरं.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा किंमत आणि दहाच प्रयोग यासाठी कापला. पुढच्या खेपेला मी याच कुळातलं आर६के-गामा-ओरी असलेलं किट मागवणार आहे. त्यातल्या तुकड्यावर स्वतःची प्रत काढण्याची जागा असते. म्युटंटचा डीएनए कापून नुसता गोल जोडला आणि ई. कोलायमध्ये घातला की तुकडा आजूबाजूच्या जनुकासकट प्लास्मिड म्हणून बाहेर येतो, मग सिक्वेन्सिंगला शंका राहत नाही. तुकडा मोठा आहे, १,२२१ ऐवजी २,००१ अक्षरांचा. त्याची प्रत निघायला पिर जनुक असलेले खास ई. कोलाय लागतात आणि ते बहुतेकांकडे नसतात, तेव्हा त्यांची ऑर्डर किटबरोबरच टाका, नाहीतर किट येऊन पडेल आणि ते येईपर्यंत वाट बघत बसावं लागेल.